गाडीच्या डॅशबोर्डवरून मनगटावर

पोर्शे 911 च्या स्टिअरिंगमागे पाच गोल तबकड्या. मधोमध, सर्वांत मोठी, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारी. काळ्या तबकडीवर पांढरे आकडे, म्हणजे भर उन्हातही डोळे दिपत नाहीत आणि नजर पडताच आकडा कळतो. 1963 साली लोकांसमोर आलेल्या या गाडीचं रूप घडवलं फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी. 1972 मध्ये पोर्शे कुटुंबाने कंपनीच्या रोजच्या कारभारातून अंग काढून घेतलं, तेव्हा त्यांनी श्टुटगार्टमध्ये ‘पोर्शे डिझाइन’ हा स्वतःचा स्टुडिओ थाटला. तिथून पहिल्यांदा बाहेर पडलं ते मनगटी घड्याळ, ‘क्रोनोग्राफ 1’.

गाडीतल्या तबकडीचा हिशेब त्यांनी तसाच मनगटावर मांडला. मॅट काळी तबकडी, पांढऱ्या खुणा, क्रोनोग्राफचा, म्हणजे घड्याळातल्या स्टॉपवॉचचा, सेकंदकाटा लाल. केस आणि पट्टाही काळा. चांगलं घड्याळ चमकलंच पाहिजे असं मानणाऱ्या बाजारात हे धाडस होतं. अंगभर काळं असलेलं हे पहिलं मनगटी घड्याळ मानलं जातं.

ते बनवलं स्वित्झर्लंडच्या ऑर्फिना कंपनीने आणि आत बसवलं वॅल्जू 7750 हे मशीन. दोनच्या आकड्याजवळचं बटण दाबलं की आतला कॅम सरकतो, एक दांडी हलते आणि बारीकसं पिनियन कलून सेकंदाच्या चक्रात आपले दात अडकवतं. लाल काटा निघतो, सेकंदाला आठ ठोके घेत. पुन्हा दाबलं की पिनियन बाजूला होतं, काटा थांबतो. मग चारजवळचं बटण. हातोडी हृदयाच्या आकाराच्या कॅमवर आदळते. कॅम कुठेही असो, घसरून ठरलेल्या जागीच बसतो आणि काटा शून्यावर येतो. तबकडीच्या कडेला वेगाची पट्टी असते: एक किलोमीटर 30 सेकंदांत कापला, तर काट्यासमोर 120 चा आकडा.

कलणाऱ्या त्या पिनियनचं पेटंट 1887 चं, एदुआर्द होयर यांचं. त्यांच्याच घराण्यातल्या जॅक होयर यांनी 1963 साली ‘कॅरेरा’ क्रोनोग्राफ आणला. नाव घेतलं मेक्सिकोच्या ‘कॅरेरा पानामेरिकाना’ या रस्त्यावरच्या शर्यतीवरून. पोर्शेनेही आपल्या गाड्यांसाठी ‘कॅरेरा’ हे नाव त्याच शर्यतीवरून उचललं होतं. टॅग होयर आणि पोर्शे यांनी 2021 मध्ये रीतसर हातमिळवणी केली, तेव्हा जुनंच नातं कागदावर आलं.

अशा भागीदाऱ्या आता पुष्कळ आहेत. त्यातल्या कित्येकांत गाडीचा रंग आणि बोधचिन्ह तबकडीवर येतं, आत मात्र काही बदलत नाही. याउलट घड्याळवाले येजर-लकूल्त्र आणि गाडीवाले ॲस्टन मार्टिन यांचं ‘ॲमव्हॉक्स 2’ पाहा. त्याला क्रोनोग्राफची बटणंच नाहीत. काच बाराच्या बाजूला दाबली की काटा सुरू होतो किंवा थांबतो, सहाच्या बाजूला दाबली की शून्यावर येतो. पोर्शे डिझाइननेही आयडब्ल्यूसी या घड्याळ कंपनीबरोबर 1980 मध्ये टायटॅनियमचा क्रोनोग्राफ केला, त्यात बटणं केसच्या कडेतच सामावून घेतली. ही घड्याळं गाडीच्या कारखान्यातली विचारपद्धत घेऊन आली, म्हणून ती टिकली.

जुना ‘क्रोनोग्राफ 1’ घ्यायचा असेल, तर कडांचा काळा मुलामा झिजलेला दिसला म्हणून नाराज होऊ नका. पन्नाशीच्या घड्याळाचा मुलामा कोराकरकरीत दिसला, तर मात्र तो पुन्हा चढवला आहे का, हे विचारा. काट्यांवरच्या आणि तबकडीवरच्या चमकत्या खुणांचा रंग एकमेकांशी जुळतो का, ते पाहा. काटा दर वेळी नेमका शून्यावर येतो की नाही, हे स्वतः बटण दाबून तपासा. 2022 मध्ये पोर्शे डिझाइनने सुवर्णमहोत्सवानिमित्त याच घड्याळाची टायटॅनियममधली आवृत्ती काढली, फक्त 500 नगांची. रूप जवळपास तेच ठेवलं. पन्नास वर्षांनंतरही बदलावंसं वाटू नये, इतकं ते पहिल्याच वेळी नीट जमलं होतं.