वरातीमागून घोडे

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. सरकारी दप्तरास मात्र ते अद्याप उमगलेले नाही. १९६२ साली आपले अनेक जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयाच्या बर्फात लढले. १९९९ साली कारगिलसाठी तातडीची खरेदी झाली. परंतु त्यातील बहुतांश साहित्य तोफा थंडावल्यानंतर पोहोचले, असा ठपका नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीच २००१ साली ठेवला. घाईत भाव चढतो, पारख सुटते आणि तरीही माल वेळेवर येत नाही. हिशेबतपासणी सैल करा, असे आम्ही म्हणत नाही. उणीव शांततेच्या काळातच ओळखून भरून काढा, एवढेच आमचे सांगणे आहे. शिखर चढणाऱ्या जवानाला फायलीची वाट पाहता येत नाही.