एक दार, अनेक सेवक

आपण घरीं बसून बँकेंतील शिल्लक पाहतां, तेव्हां दूरवरचा एक संगणक आपल्या प्रश्नाची वाट पाहत बसलेला असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. त्याच क्षणीं आणखी हजारों लोक त्याचें दार ठोठावीत असतात. तरी प्रत्येकास वाटतें कीं, तो आपल्याशींच बोलत आहे. हें कसें साधतें?

याची रीत १९८३ सालीं बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून प्रसृत झाली व आजहि तीच चालते. प्रथम सॉकेट, म्हणजे दळणवळणाचें एक टोक, तयार करावयाचें. त्यास पोर्टचा क्रमांक द्यावयाचा. मग कान देऊन बसावयाचें आणि कोणी आलें कीं त्यास आंत घ्यावयाचें. आंत घेतांना त्या पाहुण्यापुरतें निराळें सॉकेट मिळतें. मूळचें दाराशींच राहतें. नवशिक्याची गफलत बहुधा येथेंच होते.

आतां पाहुणा मंद निघाला तर बाकीचे ताटकळणार! म्हणून प्रत्येकाच्या दिमतीस एकेक थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रॅममधील स्वतंत्र कार्यसूत्र, देतात व मुख्य सूत्र पुन्हां दाराशीं जातें. सूत्रें फार झालीं तर यंत्राची दमछाक होते. यास्तव ठराविक सूत्रें आधींच नेमून बाकीच्यांस रांगेंत उभें करणें शहाणपणाचें.

परंतु या सर्व सूत्रांची स्मृति सामाईक असते. सोय हीच आणि संकटहि हेंच. समजा, खात्यांत १,००० रुपये आहेत आणि पतिपत्नी दोन गांवांहून एकाच क्षणीं ८०० रुपये मागतात. पहिलें सूत्र शिल्लक वाचतें, १,०००. त्यानें वजाबाकी लिहिण्यापूर्वींच दुसरेंहि वाचतें, १,०००. बाहेर जातात १,६०० आणि वहींत उरतात २००! उपाय कुलुपाचा : वाचण्यापूर्वीं लावावें, लिहून होतांच काढावें. मात्र दोन सूत्रांनीं दोन कुलुपें उलट क्रमानें धरलीं, तर दोघेंहि कायमचीं अडकतात.

असे दोष चांचणींत क्वचितच दिसतात. १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या एका वीजकंपनींत धोक्याची सूचना देणारी यंत्रणा अशाच चुकीनें मुकी झाली. दोन कार्यांना एकाच नोंदीवर एकाच वेळीं लिहितां आलें, एवढेंच कारण. तारा झाडांना लागून बंद पडत होत्या. चालकांस मात्र तासाहून अधिक काळ त्याचा पत्ता नव्हता. सुमारें ५ कोटी लोकांची वीज गेली. तो दोष पुढें प्रोग्रॅमच्या लक्षावधि ओळी कित्येक आठवडे चाळल्यावर सांपडला.