स्वतः शिकणारे नियंत्रक आणि कालव्याचे पाणी

कालव्याचा दरवाजा उचलला की खालच्या चारीवर पाणी लगेच वाढत नाही, हे अनुभवी पाटकऱ्यास सांगावे लागत नाही. वाट लांब असेल तर त्यास तास न् तास लागतात. अधीर होऊन दरवाजा पुन्हा उचलला, तर मागाहून दोन्ही वेळचे पाणी एकदम येते आणि पाट फुटतो. पाटात गवत माजले वा गाळ साचला, की पाण्याची चाल आणखी मंदावते. जाणता पाटकरी त्या बेताने आपला हात बदलतो. असा हात बदलणारे यंत्र घडविण्याच्या शास्त्रास अनुकूली नियंत्रण म्हणतात.

या शास्त्राचा आरंभ शेतात नव्हे, विमानांत झाला. उंची व वेग बदलला की विमानाचा स्वभावच बदलतो. एकदा बसवून दिलेले नियंत्रक तेथे अपुरे पडते. १९५८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत व्हिटेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती मांडली : आदर्श विमान कसे वागले असते याचा नमुना यंत्रात ठेवावा, आणि प्रत्यक्षात पडणाऱ्या अंतरानुसार नियंत्रकाने स्वतःस जुळवून घ्यावे. स्वतःस जुळवून घेणारे दुसऱ्या जातीचे एक नियंत्रक एक्स-१५ या विमानावर बसविण्यात आले. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी ते विमान कोसळून वैमानिक मायकेल अॅडम्स मृत्यू पावले. विद्युत् बिघाड व वैमानिकाचा दिशाभ्रम ही कारणे होतीच. परंतु खाली येताना नियंत्रकाने आपला जोर कमी करावयास हवा होता, तो झाला नाही व विमान हेलकावत राहिले.

पुढे १९७३ मध्ये स्वीडनमधील ऑस्ट्रॉम व विटेनमार्क यांनी मोजमापांवरून स्वतःची जुळणी करणाऱ्या नियंत्रकाची उपपत्ती दिली. कागदाच्या गिरण्यांत अशी यंत्रे चालली. १९८० च्या सुमारास मद्रासेत जन्मलेले नरेंद्र आदी संशोधकांनी अशी यंत्रणा स्थिर राहते, हे गणिताने दाखविले. पण १९८२ मध्ये रोर्स व सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, गणितात न धरलेली एखादी बारीक हालचालही तिचा तोल घालवू शकते. तेव्हापासून संशोधनाचा बराचसा भर लगाम घालण्यावर आहे. चूक मोजमापातील गोंधळाएवढीच असेल तर शिकणे थांबवावे, आणि अंदाजांना ठराविक मर्यादेबाहेर जाऊ देऊ नये, अशा त्या तजविजी आहेत.

आमच्या मते कालव्याच्या दृष्टीने खरी अडचण निराळीच आहे. पाणी एकाच पातळीवर संथ असेल तर यंत्रास शिकण्यासारखे काही मिळत नाही. शिकावयाचे तर पाणी हलवून पाहिले पाहिजे. नियंत्रकास काम आणि चाचणी ही दोन्ही एकदम करावी लागतात, हे १९६० मध्ये रशियन शास्त्रज्ञ फेल्डबाउम यांनीच सांगून ठेवले होते. विमानात चाचणीची जोखीम वैमानिक घेतो. कालव्यावर ती शेवटच्या चारीवरील बागाईतदाराच्या उभ्या पिकावर पडते.

ऑस्ट्रेलियात यावर मधला मार्ग निघाला. क्वीन्सलँडमधील हॉटन मुख्य कालव्यावर मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी दरवाजे मुद्दाम हलवून पातळ्यांची नोंद केली व तीवरून त्या त्या टप्प्याचे गणित बसविले. रुबिकॉन कंपनीचे स्वयंचलित दरवाजे पुढे याच विचारावर व्हिक्टोरिया राज्यातील कालव्यांवर उभे राहिले. येथे यंत्र क्षणोक्षणी स्वभाव पालटत नाही; शिकणे आधी, चालविणे नंतर. आम्हांस हा संयम योग्य वाटतो. अलीकडे संगणकास प्रचंड नोंदींवरून शिकविण्याचे प्रयत्न जोरात आहेत. मात्र शिकता शिकता तो घातक चूक करणार नाही याची हमी कशी द्यावी, हा प्रश्न अद्याप अभ्यासकांपुढे आहे.

या सर्व गणितास कच्चा माल लागतो तो साधाच : दरवाजा किती वाजता किती उचलला, आणि खालच्या मोजपट्टीवर पाणी किती वाजता किती चढले. ज्या चारीवर मोजपट्टी शाबूत आहे, तेथील पाणीवापर संस्थेने येत्या पाळीपासून ही नोंदवही सुरू करण्यास हरकत नाही. गवत काढण्यापूर्वीची व नंतरची अशा दोन पाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात.