दिग्रस : मालाच्या वाटेवरचे गाव

यवतमाळ जिल्ह्यात दिग्रस ओळखले जाते ते संत घंटीबाबांच्या नावाने आणि कापसाच्या बाजाराने. धावंडा नदीकाठचे हे तालुक्याचे ठिकाण दारव्हा-पुसद रस्त्यावर वसले आहे. गावाचा खरा इतिहास समजून घ्यायचा, तर इथला माल कोणी, कसा वाहून नेला, हे पाहावे लागते.

पहिला मान बंजाऱ्यांच्या बैलांचा. रेल्वे येण्यापूर्वी धान्य, मीठ आणि कापूस त्यांच्याच पाठीवरून दूरच्या बाजारांत जाई. बैलांच्या या काफिल्यांना लदेणी म्हणत. रूळ पडले तशी लदेणी मोडली आणि तांडे एका जागी स्थिरावले. दिग्रस परिसरात बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. पश्चिमेला जिल्ह्याची हद्द ओलांडली की वाशीम जिल्ह्यातले पोहरादेवी लागते. तिथे बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांची समाधी आहे आणि रामनवमीला मोठी यात्रा भरते. नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय तिथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाले.

कापसाला महत्त्व आले ते एकोणिसाव्या शतकात. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या नजरा वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची रेल्वे धावू लागली. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीशी जोडलेली ही गाडी लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून आपलीशी केली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ती १९९४ पर्यंत ओढली. शकुंतला दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकातून जाई. दिग्रसला मात्र रूळ आले नाहीत.

बाजार तरीही टिकला. विदर्भात कापूस वेचायला सुरुवात करताना शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. मग बोंडातून निघालेला कापूस बाजार समितीत येतो आणि तिथून जिनिंगमध्ये. क्विंटलभर कापसातून साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधतात. सरकी तेलाला जाते आणि उरलेली ढेप परत शेतकऱ्याच्या गोठ्यात येते. १९७२ पासून राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना होती, तेव्हा भाव सरकार ठरवी. आता गाडी उभी करून भाव विचारावा लागतो आणि पावसाने दगा दिला की हिशेब कोलमडतो. म्हणून कापसाच्या जोडीला सोयाबीन आले. पैनगंगेला मिळणाऱ्या अरुणावती नदीवर दिग्रसजवळ धरण झाले, त्याच्या पाण्यावर गहू-हरभराही होतो.

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा लोहमार्ग दारव्हा, दिग्रस, पुसद असा जाणार आहे. त्यातला वर्धा-कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. शकुंतलेने दूर ठेवलेल्या गावाला तिच्यानंतर शतकभराने रूळ मिळतील. स्थानक झाले की बाजाराची जागा बदलते, जुन्या गोदामांच्या जागांना भाव येतो. त्याआधी गावातल्या जुन्या पेढ्या, जिनिंगची आवारे आणि आठवडी बाजाराच्या जागा यांची नोंद व्हायला हवी. हे काम शाळा-महाविद्यालयातली मुलेही करू शकतील.

दिग्रस पाहायचे तर दिवाळीनंतर, कापसाच्या हंगामात यावे. सकाळी बाजार समिती, मग घंटीबाबांचे दर्शन आणि उन्हे कलल्यावर अरुणावती धरण, एवढे एका दिवसात होते. पोहरादेवीसाठी दुसरा दिवस राखून ठेवावा.