पत्रा धरायचा, पण जखडायचा नाही

कलबुर्गीच्या मे महिन्यात दुकानांच्या दर्शनी भागावरचा एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट) पॅनल रोज वाढतो आणि रोज आखडतो. ॲल्युमिनियमची एक मीटर पट्टी एका अंशाने तापली की सुमारे 0.023 मिलिमीटर लांबते. आकडा नगण्य वाटतो. पण पहाटे 27 अंशांवर असलेला गडद पॅनल दुपारच्या उन्हात 70 अंशांपर्यंत पोचू शकतो. चार मीटर लांबीला ही वाढ 4 मिलिमीटरच्या घरात जाते! मागचा सांगाडा सावलीत असल्यामुळे तेवढा वाढत नाही. दोघांना सगळीकडून आवळलं, तर पॅनल पोट काढतो, नाहीतर रिव्हेटभोवतीचं भोक ताणून फाडतो.

म्हणून नीट बसवलेला पॅनल प्रत्यक्षात एकाच ठिकाणी पक्का असतो. तिथलं भोक गोल. बाकीची भोकं लांबट, आणि त्यांतले रिव्हेट पॅनलला धरतात पण सरकू देतात.

बिदरमध्ये महमूद गवानच्या मदरशाला हा प्रश्न पडलाच नव्हता. 1472 मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीवर चकाकीच्या रंगीत फरश्या चुन्यात बसवल्या होत्या. भाजलेली माती ॲल्युमिनियमच्या साधारण चौथाईने वाढते, शिवाय तुकडे लहान. वीतभरही नसलेल्या फरशीची दिवसाची वाढ मिलिमीटरच्या काही शतांशांत मोजावी लागते. ती चुन्याच्या सांध्यात जिरून जाते. सतराव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीच्या दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग आणि एक मिनार कोसळला. उरलेल्या मिनारावर त्या फरश्यांचे पट्टे आजही दिसतात. तुकडा लहान असला की चिकटवून भागतं. मोठा झाला की सरकायला वाट द्यावी लागते.

उन्हाइतकाच वाराही कसोटी पाहतो. वारा पॅनलला नुसता दाबत नाही, ओढतोही. सेकंदाला 40 मीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर चौरस मीटरमागे जवळपास 100 किलो वजनाएवढा असतो, आणि इमारतीच्या कोपऱ्यांवर ही ओढ सर्वाधिक. तिथे रिव्हेट दाट हवेत.

शेवटी हा सगळा भार भिंतीतल्या अँकरवर येतो. बिदरकडचा जांभा सच्छिद्र आहे; काँक्रीटमध्ये घट्ट धरणारा अँकर त्यात ढिला पडू शकतो. त्यामुळे त्याच भिंतीत एक-दोन अँकर बसवून, यंत्राने ओढून पाहावे लागतात. पाणी झिरपतं तिथे साधा लोखंडी स्क्रू गंजतो, स्टेनलेसचा टिकतो.

समोरून रिव्हेट मारायचे, की कडा दुमडून केलेला ट्रे मागच्या आकड्यांवर अडकवायचा, हा पुढचा निर्णय. पहिली पद्धत स्वस्त, पण रिव्हेटची डोकी दिसतात. दुसरी महाग, पण पॅनल एकेक काढता येतो. कोटेशनमध्ये दर तर असतोच. त्याआधी ठेकेदाराला विचारा: पक्का बिंदू कुठला, आणि सरकायला जागा किती?