शेळी गाभण की पोट भरलेले?

अकोला-अमरावतीकडे बेरारी शेळीला 'गाभण' म्हटले की दाम चढतो. पण चारा-पाणी भरपेट दिले तरी पोट फुगतेच! म्हणून बाजारात घाईने पैसे मोजू नयेत; शक्य असल्यास विकणाऱ्याच्या घरी सकाळी, शेळी उपाशी असताना जावे, असे आम्ही सुचवतो. शेळी उभी ठेवून कासेच्या पुढे पोटाखाली दोन्ही तळहात लावावेत, हळूच वर उचलून सोडावे. साडेतीन महिने झाले असतील तर कठीण गोळा हाताला टेकतो. नुसते पाणी हलले तर गर्भाशयात पाणी साचलेले असू शकते. ती खोटी गाभण. जोराने दाबल्यास मात्र गर्भाला इजा होते. मुदत सुमारे १५० दिवसांची. पहिल्या तीन महिन्यांत हाताला फारसे कळत नाही. तेव्हा पशुवैद्यकाकडून सोनोग्राफी करून मगच सौदा करावा.