गणिताला भिणाऱ्या डॉक्टरांचं पुस्तक

दोस्तांनो, गणिताच्या तासाला कुणाकुणाच्या पोटात गोळा येतो? हात वर करा बघू! लाजू नका. तुमच्याबरोबर चांगल्या शिकल्यासवरल्या डॉक्टरांनीही हात वर केले असते. रोग्याची नाडी बघताना न डगमगणारी ही मंडळी, पण लांबलचक सूत्र दिसलं की पान उलटायची.

अशाच डॉक्टरांसाठी १९३७ साली लंडनमध्ये एक पुस्तक निघालं. नाव 'प्रिन्सिपल्स ऑफ मेडिकल स्टॅटिस्टिक्स', म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्राची तत्त्वं. शाळेच्या पुस्तकात तुम्ही ज्याला 'सांख्यिकी' म्हणता, तेच हे शास्त्र. माहिती गोळा करायची, नीट मोजायची आणि त्यातून खरं काय ते शोधायचं. हे पुस्तक आधी 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात लेखमाला म्हणून आलं आणि पुढे त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या.

गंमत म्हणजे त्याचे लेखक ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे गणिताचे पदवीधर नव्हते आणि डॉक्टरही नव्हते! डॉक्टर व्हायचं मात्र त्यांच्या फार मनात होतं. पण पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून गेले असताना त्यांना क्षयरोग झाला. तेव्हा टी.बी.वर औषधच नव्हतं. ऐन विशीत दोन वर्षं अंथरुणावर गेली. वाचले, पण डॉक्टरकी सुटली. मग त्यांनी घरबसल्या टपालाने अभ्यास करून अर्थशास्त्राची पदवी मिळवली आणि आकड्यांच्या वाटेने पुन्हा रोग्यांकडे वळले.

मग हिल यांनी घाबरणाऱ्यांना शिकवलं तरी कसं? त्यांनी सूत्र मागे ठेवलं आणि प्रश्न पुढे आणला. प्रश्न अगदी साधा: "कुणाशी तुलना केली?"

समजा, तुम्हाला सर्दी झाली. आजीने काढा दिला आणि आठवड्यात सर्दी पळाली. काढ्याचा गुण! पण शेजारच्या बंडूने काढा घेतला नाही, तरी त्याचीही सर्दी आठवड्यात गेली. आता काय म्हणाल? काढा वाईट असं नाही हं! पण काढा न घेणारे बघितल्याशिवाय काढ्याचा गुण कळायचा नाही. औषधांचंही तसंच. म्हणून दोन गट हवेत. एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही.

आता खरी मेख पुढे आहे. गट पाडायचे कसे? हिल यांनी पुस्तकात सोपी रीत सांगितली: एक आड एक. पहिला रोगी या गटात, दुसरा त्या गटात. पण यात फट राहते. पुढचा नंबर कुठल्या गटाचा हे डॉक्टरला आधीच कळतं. मग एखाद्या अशक्त रोग्याची दया येऊन क्रम बदलला, तर तुलना बिघडलीच! याहून पक्की रीत म्हणजे कुणालाही आधी ओळखता येणार नाही अशी निवड, आपल्या चिठ्ठ्या टाकण्यासारखी. हिल यांना ती ठाऊक होती. पण तिचं अवघड नाव काढलं तर डॉक्टर बिचकतील, म्हणून पहिल्या धड्यांत त्यांनी ते मुद्दाम गाळलं. ही हकिगत त्यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे. आधी पायरी, मग जिना!

जिना चढायची वेळ लवकरच आली, आणि तीही क्षयरोगावरच. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला होता. महायुद्धानंतर ब्रिटनला ते अगदी थोडं मिळालं. सगळ्यांना पुरणार तर नव्हतंच. मग ज्यांना द्यायचं ते तरी न्यायाने निवडावेत आणि त्यातून औषधाची परीक्षाही व्हावी, असं ठरलं. हिल यांनी आखणी केली. नंबर घातलेली बंद पाकिटं तयार झाली. रोगी परीक्षेत घ्यायचा हे नक्की झालं की मगच पाकीट फोडायचं. क्ष-किरणांचे फोटो तपासणाऱ्यांनाही फोटो कुठल्या गटातल्या रोग्याचा हे सांगितलं नव्हतं.

१९४८ साली निकाल छापून आला. चला, फळ्यावर मांडू:

औषध आणि विश्रांती मिळालेले ५५ रोगी. सहा महिन्यांत मृत्यू ४.
फक्त विश्रांती मिळालेले ५२ रोगी. सहा महिन्यांत मृत्यू १४.

गट सारखे नाहीत, म्हणून शेकडेवारी काढू. ४ भागिले ५५ गुणिले १००, म्हणजे सुमारे ७. १४ भागिले ५२ गुणिले १००, म्हणजे सुमारे २७. झालं! एवढ्या गणिताने कळलं की औषधात खरोखर दम आहे. त्याच तपासणीत हेही दिसलं की काही दिवसांनी जंतू या औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून पुढे क्षयरोगावर एकाच वेळी अनेक औषधं देण्याची पद्धत आली. आजही तसंच करतात.

आता तुमची पाळी. तांदूळ धुतलेलं पाणी घातलं तर मेथी जास्त वाढते का? वीस लहान वाट्यांत सारखी माती आणि पाच-पाच दाणे घाला. वाट्यांना नंबर द्या. वीस चिठ्ठ्या करा, दहांवर 'तांदळाचं', दहांवर 'साधं'. चिठ्ठी निघेल तसं पाणी, पण सगळ्यांना सारखंच मापून! बारा दिवसांनी धाकट्या भावंडाला पट्टी देऊन उंची मोजायला सांगा. कुठल्या वाटीला कुठलं पाणी, हे त्याला मुळीच सांगू नका. मग दोन्ही गटांची सरासरी काढा. फरक अगदी थोडा आला, तर लगेच निकाल देऊ नका. प्रयोग पुन्हा करा.

आणि आईबाबांनो, मूल सांख्यिकीचा धडा उघडून रडकुंडीला आलं, तर सूत्र पाठ करून घेण्याआधी त्याला एवढंच विचारा, "यातून आपल्याला काय शोधायचंय?" प्रश्न हातात आला की बेरीज-भागाकार तुम्हाला येतोच, काय दोस्तांनो? मग मेथी कधी पेरताय?